दव न धरणारी जागा

१

माझं निवृत्तीचं आयुष्य एका घंटेवर चालतं. ती दिवेलागणीला वाजते. वाजली की साऱ्या गावानं चुलीतला विस्तव झाकायचा आणि निमूट अंथरुणावर पडायचं, असा इंग्लंड जिंकून बसलेल्या फ्रेंचांचा नियम आहे. तीच घंटा पहाटे पुन्हा वाजली की विस्तव उघडायचा. इंग्रज माणूस उजेडात बसला की बंडाचाच विचार करतो, अशी त्यांची समजूत. तीस वर्षांपूर्वी हा हुकूम बाजारात उभं राहून इंग्रजीतून ओरडून सांगणारा मीच. तेव्हा लोकांनी मला कोबीचे दांडे फेकून मारले होते. आता तेच लोक घंटेच्या आधीपासून जांभया देतात. राज्य मुरतं ते असं.

मी, ऑर्डगार, गढीचा कारकून होतो. वरच्यांचं फ्रेंच खालच्यांना सांगायचं आणि खालच्यांचं बोलणं शिव्या गाळून वर पोचवायचं, हे माझं काम. त्याच्या बदल्यात म्हातारपणी मला टेकाडाच्या पायथ्याशी एक खोली मिळाली आहे. शिवाय रोज एक पाव आणि जवाची दारू मिळते. तिच्यात नदी जास्त आणि जव कमी. माझी विधवा मुलगी मिल्डा माझ्याजवळ राहते.

टेकाड देवानं केलेलं नाही. आम्ही केलं आहे, पाट्या वाहून. त्याच्या डोक्यावर गढीचा लाकडी बुरूज होता. तो उतरवून आता दगडी बांधताहेत. रोज सकाळी मी दार उघडतो, टेकाड जागेवर आहे ना ते पाहतो आणि मग पेज ढवळायला बसतो.

नोव्हेंबरातला संत मार्टिनचा सण होऊन गावातली डुकरं कापून झाली होती. त्या सकाळी दव गोठून सगळं टेकाड पीठ सांडल्यासारखं पांढरं झालं होतं. फक्त उतारावर, माझ्या खोलीपासून साधारण तीस पावलं वर, एक तुकडा काळाच राहिला होता.

मी वर चढून पाहिलं. चार पावलं लांब, तीन पावलं रुंद. कोपरे असे नेमके की सुतारानं पट्टी लावून आखावेत. गवत ओलं होतं. हात लावला तर कोमट.

"गाढव मुतलं असेल," हेमिंग म्हणाला. हा हेमिंग म्हणजे टेकाडावर माती टाकणाऱ्यांचा जुना मुकादम. आता त्याला दात नाहीत, पण जीभ आहे.

"चौकोनी?"

"फ्रेंच गाढव असेल. त्यांचं सगळं शिस्तीत." मग तो जरा शहाण्यासारखं बोलला. "अरे कारकुना, खाली मागाची नवी खोली खोदलीय ना? तिच्या चुलीची ऊब वर येत असणार."

मला ते पटलं. पटवून घेतलं. पण दोन गोष्टी मनात राहिल्या. मागाची खोली टेकाडाच्या कुशीत फार आत जात नव्हती. ती संपते तिथून पुढंच तो काळा तुकडा सुरू होत होता. आणि त्या खोलीतली चूल माझी मुलगी पेटवायची, तीही पेज पिऊन गेल्यावर. दव पडतं पहाटे.

२

मागाची खोली बाईसाहेबांच्या हौसेतून निघाली. बाईसाहेब म्हणजे गढीचे कारभारी ऑस्बेरसाहेब यांच्या पत्नी. त्यांना अळशीच्या सुताचं कापड हवं होतं, आणि ते गढीतच विणलेलं. अळशीचं सूत कोरड्या हवेत तटातट तुटतं. म्हणून आमच्याकडे विणकर बाया पूर्वीपासून कंबरभर खोल खड्ड्यात झोपडी बांधून ओलाव्यात विणत. बाईसाहेबांना खड्डा नको होता. मग टेकाडाच्या कुशीत खोली खोदली, तिला फळ्या ठोकल्या, पुढं दार लावलं, आणि मिल्डाला उभ्या मागाशी बसवलं.

उभा माग ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो: ताण्याचे दोरे वरून सोडतात आणि ते ताठ राहावेत म्हणून खाली भाजक्या मातीची जाड कडी बांधतात. विणताना ती एकमेकांवर आपटतात. टक्. टक्-टक्. माझी आई विणायची. हा आवाज ऐकतच मी झोपत असे.

चौथ्या की पाचव्या दिवशी मिल्डा वाम माशाचे तुकडे करता करता म्हणाली, "बाबा, माझ्या पलीकडे कोण बसतं?"

"कुठं पलीकडे?"

"मागच्या भिंतीच्या पलीकडे. तिचाही माग चालतो. हात चांगलाय बाईचा. माझ्यापेक्षा जलद."

"भिंतीमागं माती आहे, मिल्डा."

"मातीत काय उंदीर विणतात?" ती हसली. "तुम्हाला कुणी सांगितलं नसेल. निवृत्त माणसाला कोण काय सांगतं!"

मीही हसलो. हसता हसता चुलीत आणखी एक लाकूड सारलं. मासा अजून चुलीवरही चढला नव्हता.

३

दुसऱ्या दिवशी भर दुपारी मी खोलीत गेलो. मिल्डा सूत आणायला वर गेली होती. मी एकटाच होतो. तिचा माग स्थिर होता. कडी लोंबत होती, एकही हलत नव्हतं.

टक्. टक्-टक्.

मी मागच्या फळीला कान लावला. मी शिकलेला माणूस आहे. मठात चार बुकं शिकलो, आवाज जमिनीतून लांबवर जातो हे मला माहीत आहे. वर गवंडी दगड घडवत होते. त्यांचीच हातोडी असेल. पण हातोडीला विश्रांती लागते ती दम खाण्याची. हा आवाज ज्या जागी थांबत होता, तिथं विणणारी बाई धोटा दुसऱ्या हातात घेते. ती थांबण्याची जागा मला आईच्या मांडीपासून ठाऊक आहे.

फळी गालाला कोमट लागत होती. मी तिथं किती वेळ उभा होतो सांगता येत नाही. मिल्डा आली, कामाला बसली, दोन्ही आवाज एकात एक मिसळून चालू राहिले. मग दिवेलागणीची घंटा वाजली.

पलीकडचा आवाज तुटला. पहिल्याच ठोक्याला, मधूनच. आणि मग भाजक्या मातीवर मातीचं झाकण घासल्याचा आवाज आला. चुलीवर झाकण ठेवल्याचा. हा आवाज या गावातलं पोरही ओळखतं.

गालाखालची फळी हळूहळू गार होत गेली.

"बघा," मिल्डा कौतुकानं म्हणाली, "घंटा झाली की लगेच. इतकं नियमानं कुणी करत नाही आता."

एक बाई करायची. तिचं नाव एडिवा.

टेकाडाच्या जागी आधी चाळीस घरं होती. ती रिकामी करायचं काम माझ्याकडे होतं. हातात कोळसा घेऊन एका दुपारी सगळी घरं फिरायची. धूर दिसला तर दारावर गोल, म्हणजे आत माणसं आहेत, शिपाई त्यांना बाहेर काढतील. धूर नसेल तर फुली, म्हणजे घर रिकामं. मागून सुतार येई आणि फुलीच्या दारावर बाहेरून फळी ठोकी, कारण लोक आपल्याच घराची लाकडं चोरायला परत येत. सकाळी छप्पर आत पाडून वर माती.

चाळिसावं घर एडिवाची खड्ड्यातली झोपडी. एकटी विणकर बाई, भित्री, त्या आठवड्यात तापानं पडलेली. मी पोचेपर्यंत घंटा होऊन गेली होती. विस्तव झाकण्याचा हुकूम तेव्हा नवाच होता आणि गावात कुणी तो पाळत नव्हतं. त्यामुळे धूर नाही म्हणजे माणूस नाही, हा माझा हिशेब चुकायचं कारण नव्हतं. मी दार वाजवलं. बहुतेक वाजवलं.

धूर नव्हता. मी फुली मारली.

वसंतात तिचा भाऊ दलदलीच्या मुलखातून चौकशीला आला. "ती तुझ्याकडेच निघाली होती," मी म्हणालो. "वाटेत चुकामूक झाली असेल." इतकं सहज बोललो की पुढं मलाही ते खरं वाटू लागलं.

४

दहाएक दिवसांत मिल्डा बदलली. घरी आली की भिंतीकडे तोंड करून बसायची. घंटा व्हायच्या आधीच उठून चूल झाकायची. मी म्हटलं, "अगं, पेज तरी शिजू दे," तर म्हणाली, "उगीच कशाला? कुणी बघितलं तर?" हे बोलणं तिचं नव्हतं. माझी मुलगी शिपायांना तोंडावर 'बेडकांनो' म्हणणारी.

"काम फार पडतं का तुला?"

"नाही. ती दमली की मी विणते. मी दमले की ती."

"ती तुझ्या मागावर कशी विणेल, मिल्डा?"

तिनं चुलीवरचं झाकण पुन्हा एकदा दाबून बसवलं. मी दुसऱ्या दिवशी पाहिलं. संध्याकाळी मी कापडाच्या कडेला सुईनं खूण केली होती. सकाळी, घंटेनंतर बऱ्याच वेळानं गेलो, तर दाराचं कुलूप तसंच असताना कापड खुणेच्या पुढं चार बोटं वाढलं होतं. वीण मिल्डाची नव्हती. घट्ट आणि जुन्या पद्धतीची, माझ्या आईच्या वेळची.

मी हेमिंगला आणून मागची भिंत दाखवली. त्यानं ओळंबा सोडला आणि त्याचं थट्टेखोर तोंड लहान झालं.

"पोट आलंय भिंतीला. वीतभर. वर दगड चढतोय ना, खाली कुठंतरी पोकळ आहे." त्यानं माझ्याकडे पाहिलं. "पोकळ कसं असेल? थरावर थर मी स्वतः चोपून घेतलेत. फक्त रिकाम्या घरांची छपरं आत पाडली होती. ऑर्डगार, इथं कुणाचं घर होतं रे?"

"आठवत नाही."

"तुला? तुला तर लोकांच्या कोंबड्यांची नावं आठवतात."

"हेमिंग, तीस वर्षं झाली."

"ते ठीक," तो ओळंबा गुंडाळत म्हणाला. "पण पोरीला इथून काढ. आज काढ. भिंत तुझ्या आठवणीची वाट बघणार नाही."

काढायचं तर साहेबांना कारण सांगायला हवं होतं. खरं कारण सांगितलं तर खोली गेली, पाव गेला, कदाचित हातही गेला. आणि दलदलीत एडिवाच्या भावाचे चार धट्टेकट्टे मुलगे आहेत. मी मिल्डाला नुसतंच म्हटलं, "उद्यापासून जाऊ नकोस." ती म्हणाली, "ती एकटी पडेल." आणि गेली. मी साहेबांना उद्या सांगायचं ठरवलं. असे तीन उद्या गेले.

५

चौथ्या दिवशी सकाळी तिच्या उजव्या मनगटावर राखेचे चार पट्टे दिसले, आणि खालच्या बाजूला पाचवा, अंगठ्याचा. तिनं ते धुतले. दुपारी परत होते.

मी तसाच ऑस्बेरसाहेबांकडे गेलो. पण आयुष्यभर अर्धंच सांगायची सवय. मी म्हणालो, "साहेब, मागाच्या खोलीची भिंत फुगली आहे. मुकादमाचंही तेच मत आहे."

साहेब मांस खात होते. "मग बुजवा ती खोली. आजच संध्याकाळी सुतार दार ठोकेल, उद्या माती. बायको चार दिवस रुसेल, काय करणार!" मग हाड खाली ठेवून ते प्रेमानं म्हणाले, "आत कुणी नाही हे तूच पाहा आणि खूण कर. तुझ्याइतका चोख माणूस नाही आपल्याकडे. मागंही तूच केलं होतंस ना?"

६

डनिंग सुतार तोंडात खिळे धरून माझ्या शेजारी उभा होता. नुकतीच घंटा झाली होती. आभाळात अजून राखाडी उजेड होता. मिल्डाला मी दुपारीच बजावलं होतं, आणि तिनं मान हलवून "देवळात जाते" म्हटलं होतं.

खोलीच्या धुराड्यातून धूर नव्हता. दाराच्या फटीत उजेड नव्हता.

"मारा फुली," डनिंग खिळ्यांतून म्हणाला. "पेज गार होतेय घरी."

मी कोळसा उचलला. आतून आवाज आला.

टक्. टक्-टक्.

इथं मला एक कबूल केलं पाहिजे. तीस वर्षांपूर्वी त्या झोपडीच्या दारातही हा आवाज मी ऐकला होता. अगदी हळू, तापातल्या माणसानं अंधारात मागाचा आधार घेऊन उठायचा प्रयत्न करावा तसा. वाऱ्यानं हलत असेल, असं मी मनाशी म्हटलं आणि फुली मारली. त्या संध्याकाळी वारा नव्हता. पाय दुखत होते, एवढंच.

"पलीकडच्या गोठ्यातलं काही असेल," डनिंग म्हणाला.

मला पळून जायचं होतं. पण कारकुनाचं डोकं भीतीतही हिशेब करतं. एडिवा घंटेला थांबते. एकदाही चुकलेली नाही. आता घंटा होऊन गेली आहे. मग हा माग तिचा नाही.

"आत माणूस आहे," मी म्हणालो. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला.

मी दार ढकललं. मिल्डा मागच्या भिंतीला चिकटून उभी होती. दोन फळ्या फाकल्या होत्या आणि तिचा उजवा हात कोपरापर्यंत त्या फटीत होता. डाव्या हातानं ती विणायचा प्रयत्न करत होती. तिचे डोळे उघडे होते. तिला मी दिसत नव्हतो.

मी तिला कमरेला धरून ओढलं. पलीकडून तिला तितक्याच जोरानं धरलेलं होतं. हात थोडा बाहेर आला तेव्हा मनगटावरची बोटं दिसली. नखांपर्यंत राखेनं भरलेली, आणि पहिल्या बोटावर सुतानं पडलेली खोल खाच.

"एडिवा," मी म्हणालो. बोटं हलली नाहीत. मग तीस वर्षांत न वापरलेला आवाज, बाजारातल्या दवंडीचा आवाज, आपोआप घशातून निघाला:

"ऐका हो ऐका! सकाळची घंटा झाली! विस्तव उघडा!"

बोटं सुटली.

भिंतीपलीकडे झाकण उचलल्याचा आवाज आला. फटीत लालसर उजेड वाढत गेला, आणि मला दिसलं ते इतकंच: बुटकी जागा, आणि कापड. जमिनीपासून वरपर्यंत, घडीवर घडी, तीस वर्षांचं कापड. त्याच्या मागं कुणीतरी बसलेलं होतं आणि आवाज कुठून आला ते पाहायला माझ्याकडे वळत होतं. चेहरा दिसण्याइतका मी थांबलो नाही.

डनिंगनं आम्हा दोघांना बाहेर ओढलं तेव्हा मागं भिंत बसली. खोली मातीनं भरली. सुताराला काही दिसलं नव्हतं. खिळे मात्र त्यानं गिळता गिळता वाचवले.

७

दोन दिवसांनी मिल्डा म्हणाली, "बाबा, ती एकच विचारायची. त्या दिवशी दाराशी कोण होतं?"

"तू काय सांगितलंस?"

"मला कुठं माहीत होतं?" ती पेज ढवळत म्हणाली. "तुम्ही तिला नावानं हाक मारलीत. आता माहीत आहे."

मी ऑस्बेरसाहेबांकडे जाऊन सगळं सांगितलं. या वेळी पूर्ण. टेकाड उकरा, तिला बाहेर काढून देवळाच्या आवारात पुरा, म्हणालो. हात पुढं करूनच उभा होतो. साहेबांनी विचारलं, "फ्रेंच होती का?"

"नाही, साहेब. इंग्रज."

"मग काम कशाला अडवायचं?" ते म्हणाले, आणि मला एक पाव जादा द्यायला सांगितलं. ज्या शिक्षेला मी तीस वर्षं घाबरलो, ती कधी नव्हतीच.

मिल्डाला मी तिच्या मावशीकडे पाठवलं, नदीपलीकडे, दोन दिवसांच्या वाटेवर. ती "चला" म्हणाली. मी गेलो नाही. माझ्यामागून काय येईल याचा भरवसा नाही.

कारण आवाज आता घंटेला थांबत नाही. मीच हुकूम काढून घेतला ना. आणि दव न धरणारी ती जागा आता जागेवर नाही. चार पावलं लांब, तीन रुंद, तशीच चौकोनी. पण रोज सकाळी उतारावरून थोडी खाली असते. पहिल्या आठवड्यात पंचवीस पावलांवर होती. मग सतरा. हेमिंगला दाखवली. तो थट्टा न करता घरी गेला, आणि तेव्हापासून लांबच्या वाटेनं जातो. परवा ती सहा पावलांवर होती. काल माझ्या खोलीच्या छपरावर सगळीकडे दव होतं, उंबऱ्यावर नव्हतं.

काल दिवसाउजेडी मी कोळसा घेऊन माझ्याच दारावर, बाहेरून, मोठा गोल काढला. आत माणूस आहे. कडी घातली, अडसर लावला.

आज सकाळी अडसर तसाच होता. गोल बाहेर तसाच आहे. दाराच्या आतल्या बाजूला राखेनं फुली मारलेली आहे.

आता दिवेलागणीची घंटा वाजते आहे. मी आयुष्यात पहिल्यांदा ती पाळलेली नाही. असतील नसतील तेवढी लाकडं चुलीत घातली आहेत, त्यांत माझं बाकडंही आलं. खोली धगधगते आहे. तरी पाठीमागची भिंत त्याहून गरम आहे.

बाहेरून धूर दिसतो आहे ना, एवढं कुणीतरी पाहून सांगा.